जन्मावरून माणसाचा निवाडा न्याय्य आहे काय?

(नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या सभेत जमलेल्या कुटुंबांपैकी कित्येकांनी अलीकडेच त्रिशरण आणि पंचशील ग्रहण केले आहे. जुने देव्हारे आवरून त्यांनी घरात तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा लावली. हे पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या मनात दोन शंका हटकून उभ्या राहतात. पहिली शंका अशी की, आम्ही जात सोडली, मग मुलाच्या शाळेसाठी जातीचा दाखला मागावयास कचेरीत जाणे हा ढोंगीपणा नव्हे काय? दुसरी शंका अशी की, वरच्या म्हणविणाऱ्या जातींनी आम्हांला शतकानुशतके जन्मावरून तोलले. आता आम्हीही त्यांना जन्मावरून तोलले, तर त्यात अन्याय तो कोणता?

वरवर पाहता या दोन शंका निरनिराळ्या दिसतात. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. एखादा मनुष्य अमुक समूहात जन्मला, एवढ्यावरून त्याच्या गुणदोषांचा निवाडा करणे न्याय्य आहे काय, हे ते मूळ होय. या प्रश्नाचे उत्तर पक्के झाले, की दोन्ही शंका आपोआप सुटतात. म्हणून आज मी याच एका प्रश्नाचा विचार आपणांपुढे मांडणार आहे.

तथागतांची कसोटी

सुत्तनिपातात वसलसुत्त नावाचे एक सुत्त आहे. भगवान श्रावस्तीत भिक्षेसाठी फिरत असता अग्गिक भारद्वाज नावाच्या ब्राह्मणाच्या दाराशी आले. घरात अग्नी पेटलेला होता, आहुतीची तयारी चालली होती. भिक्षापात्र घेतलेला मुंडित श्रमण दुरून दिसताच त्या ब्राह्मणाने त्यांना वसल, म्हणजे पतित, म्हणून हिणविले आणि तेथेच थांबावयास सांगितले. भगवान रागावले नाहीत. पतित कोणास म्हणावे, आणि मनुष्य पतित कशाने होतो, हे तुला ठाऊक आहे काय, एवढेच त्यांनी विचारले. त्याला ते ठाऊक नव्हते. तेव्हा भगवंतांनी त्याला एकामागून एक लक्षणे सांगितली. सामर्थ्य असून वृद्ध आईबापांना न पोसणारा, घेतलेले ऋण नाकारणारा, न दिलेले उचलणारा, स्वतःला थोर मानून इतरांना तुच्छ लेखणारा, हे सर्व पतित होत. त्या संपूर्ण यादीत कोणत्याही कुळाचे नाव नाही. जे आहे ते आचरणाचे आहे.

वासेट्ठसुत्तात हाच विचार दुसऱ्या बाजूने मांडला आहे. गवत, झाडे, किडे, पक्षी, मासे यांच्यात जातीजातींचे भेद त्यांच्या देहावरच दिसतात. माणसांचे डोळे, कान, हात, पाय पाहिले, तर तसला भेद कोठेही आढळत नाही. मनुष्यामनुष्यांतील भेद हे व्यवहाराने दिलेल्या नावांचे भेद आहेत. शेती करील तो शेतकरी, व्यापार करील तो व्यापारी, चोरी करील तो चोर. नाव कर्मामागून येते. नावामागून कर्म येत नाही.

तथागतांचा हा केवळ उपदेश नव्हता. संघात तो आचरणात होता. अनुरुद्ध, आनंद, भद्दिय इत्यादी शाक्य राजपुत्र प्रव्रज्येसाठी आले, तेव्हा त्यांचा नाभिक उपाली त्यांच्याबरोबर होता. आमचा कुळाभिमान मोडावा, म्हणून आधी उपालीला प्रव्रज्या द्यावी, अशी विनंती राजपुत्रांनी स्वतःच केली. भगवंतांनी तसे केले आणि राजपुत्रांना आपल्या नाभिकापुढे वंदनेसाठी वाकावे लागले. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनयाविषयी प्रश्न विचारले गेले, ते याच उपालीला. सुनीत हा रस्ते झाडणारा होता. तो अर्हत झाला. उलटपक्षी अंगुलिमाल हा अट्ठकथेप्रमाणे कोसलराजाच्या पुरोहिताचा मुलगा. तो माणसे मारणारा दरोडेखोर झाला, आणि तोही पुढे पालटला. केवळ कुळ पाहून यांपैकी एकाचे तरी भविष्य कोणास वर्तविता आले असते काय?

कायद्याने ठरविलेले गुन्हेगार

आता कोणी म्हणेल की ही अडीच हजार वर्षांपूर्वीची गोष्ट झाली. आज कायद्याचे राज्य आहे. तर कायद्याने काय केले, तेही पाहू.

१८७१ साली इंग्रज सरकारने या देशात गुन्हेगार जमातींचा कायदा केला. गुन्हा केला म्हणून शिक्षा, ही गोष्ट आपण समजू शकतो. या कायद्याची रीत मात्र निराळी होती. सरकारने गॅझेटात एखाद्या जमातीचे नाव जाहीर केले, की ती सगळी जमात गुन्हेगार ठरे. आणि ते जाहीर करणे योग्य होते की नाही, हे विचारण्याची मुभा न्यायालयालाही नव्हती. मग त्या जमातीतील माणसांची नोंदणी होई. त्यांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परवान्यावाचून हद्द ओलांडली तर तोच गुन्हा होई. आरंभी उत्तर हिंदुस्थानात लागू असलेला हा कायदा १९११ साली सर्व देशाला लागू करण्याजोगा झाला, आणि १९२४ साली तो पुन्हा एकत्रित करण्यात आला. आपल्या सोलापुरास अशा जमातींची तारेच्या कुंपणाची वसाहत होती. लोक तिला सेटलमेंट म्हणत. तेथील स्त्रीपुरुष गिरण्यांत राबत आणि हजेरीला उभे राहत. ज्या अर्भकाने अजून मुठीदेखील उघडल्या नव्हत्या, तेही गुन्हेगार जमातीचे म्हणूनच कुंपणाआड जन्मास येई.

या कायद्यामागील युक्तिवाद आपण नीट ध्यानात घ्यावा. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. त्याच न्यायाने चोराचा मुलगा चोर झाला पाहिजे, असे राज्यकर्त्यांनी मानले. उपासकहो, ही कल्पना विलायतेतून आलेली नव्हती. ती आपल्या चातुर्वर्ण्याचीच होती. इंग्रजांनी तिला फक्त कायद्याचा शिक्का लावला. धर्मशास्त्राने काही माणसांना जन्मतः अपवित्र ठरविले आणि या कायद्याने काही माणसांना जन्मतः अपराधी ठरविले. दोन्ही ठिकाणी आरोपीला एकच प्रश्न विचारला गेला: तू कोणाच्या पोटी जन्मलास? तू काय केलेस, हे त्याला कोणीच विचारले नाही.

स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्या जमातींना विमुक्त हे नाव मिळाले. परंतु कायदा पुसला म्हणून मनावरचा शिक्का पुसला जात नाही. त्यानंतर ७२ वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला असा निर्णय द्यावा लागला की, तुरुंगांत कैद्यांना जातीवरून स्वयंपाकाचे वा सफाईचे काम वाटून देणे घटनाविरोधी आहे, आणि तुरुंगाच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकला पाहिजे. विमुक्त जमातींतील माणसांना सवयीचे गुन्हेगार समजण्याची तुरुंग-नियमांतील रीतही त्याच निर्णयात दोषास्पद ठरली. एवढा काळ ती गोष्ट कागदावर जिवंत होती, हे आपण विसरू नये.

आकड्यांचा पुरावा

येथे एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारी माणसे नेहमीच वाईट असतात असे नाही. ते म्हणतात, "आम्ही द्वेष करीत नाही, अनुभव सांगतो. अमुक जमातीत चोऱ्या अधिक होतात, हे पोलिसांचे दप्तर सांगते. मग सावध राहण्यात गैर काय?"

याला तीन उत्तरे आहेत. पहिले उत्तर हे की, संख्या समूहाविषयी बोलते. आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसाविषयी ती काहीच बोलत नाही. समजा, एखाद्या वस्तीतील शंभर माणसांपैकी दहांनी चोरी केली. आपण सर्व शंभरांना चोर म्हटले, तर दहांच्या बाबतीत आपण खरे बोललो आणि नव्वदांच्या बाबतीत खोटे बोललो. चौथे शील घेतलेल्या माणसाला नव्वद वेळा खोटे बोलण्याची सवलत कोणी दिली?

दुसरे उत्तर हे की, दप्तर आपोआप भरत नाही. ते भरणारा हात कोणाकडे वळतो, त्यावर त्यातील नावे ठरतात. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. जेथे रोज शोध घेतला जातो, तेथेच रोज काही सापडते. जेथे शोधच होत नाही, तेथील लबाडी दप्तरात येत नाही. मग त्याच दप्तराचा पुरावा करून पुढची धाड टाकली जाते. आधी निवाडा, मग शोध आणि शेवटी पुरावा, असा हा उलटा न्याय आहे.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. प्रत्येक गोष्ट कारणांपासून उत्पन्न होते, ही तथागतांची शिकवण आहे. बंजारा समाज बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहून नेई. रस्ते आणि आगगाड्या आल्या, त्याचा धंदा गेला. पारध्याचे जीवन शिकारीवर. जंगलाचे कायदे आले आणि तो स्वतःच्याच रानात चोर ठरला. रामोशाकडे तर गावची आणि किल्ल्यांची राखण होती. ज्याच्या भरवशावर गाव निजत असे, त्याच्याच वंशजांना पुढे संशयितांच्या यादीत घातले गेले. जो समाज काल विश्वासाचा होता तो आज संशयाचा होतो, तेव्हा पालटते ती परिस्थिती. रक्त पालटत नसते. परिस्थितीचा दोष रक्ताच्या माथी मारणे हे अज्ञान होय आणि त्या अज्ञानावर कायदा उभारणे हा अपराध होय.

लष्करातील न्याय

आपल्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांना याच मापाने दुसऱ्या एका ठिकाणी मोजले गेले. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे कंपनीच्या मुंबई फौजेत महार सैनिक लढले. तेथील स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' हा प्रत्यय असलेली नावे आजही वाचता येतात. पुढेही त्या फौजेत महारांची भरती चालू होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार हे त्याच परंपरेतले. असे असता १८९० नंतरच्या दशकाच्या आरंभी महारांची भरती बंद करण्यात आली. लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यासारख्या सेनापतींच्या मते हिंदुस्थानात काही जाती जन्मतः लढवय्या होत्या आणि बाकीच्या तशा नव्हत्या. एका पिढीने रणांगणात दिलेली साक्ष एका सिद्धान्तापुढे रद्द झाली.

गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ साली आणि शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केले. दाद लागली नाही. मग पहिले महायुद्ध आले, माणसे कमी पडू लागली आणि १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज सरली, काही वर्षांतच ती पलटण मोडली. दुसरे महायुद्ध आले आणि १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजतागायत आहे. आपण विचार करा. १८९३ साली ज्यांच्या रक्तात शौर्य नव्हते, त्यांच्या रक्तात १९१७ साली ते कोठून आले? १९२१ साली ते पुन्हा कोठे गेले? रक्त तेच होते. बदलली होती ती राज्यकर्त्यांची गरज. जन्मावरून केलेला निवाडा निवाडा करणाऱ्याच्या सोयीने फिरतो, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

याच गोष्टीचा शेवट मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. त्या महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना १९८७ साली श्रीलंकेत आलेल्या वीरमरणाबद्दल परमवीर चक्र देण्यात आले. ते तामिळ होते. आपल्या नावाच्या पलटणीचा सर्वोच्च मान दुसऱ्या समाजातील वीराने मिळविला, याचा आपल्याला आनंदच वाटला पाहिजे. शौर्य कोणत्याही जातीची मिरास नाही, हे जर खरे असेल, तर ते आपलीही मिरास नाही.

मोजणे निराळे, तोलणे निराळे

आता पहिल्या शंकेकडे वळू. जन्मावरून निवाडा अन्याय्य आहे, तर राखीव जागा समूहावरून का? जातीचा दाखला का?

एक साधे उदाहरण घ्या. नदीला पूर आला आणि काठची वस्ती वाहून गेली. सरकार मदत देते, ती त्या वस्तीची यादी करून देते. यादीत नाव असणे म्हणजे तो मनुष्य सज्जन आहे किंवा दुर्जन आहे, असे कोणी म्हणत नाही. त्याचे घर वाहून गेले, एवढेच ती यादी म्हणते. पूर वस्तीवर आला, म्हणून यादीही वस्तीची करावी लागली. अस्पृश्यतेचा पूर एकेका माणसावर निवडून आला नव्हता. तो सबंध समूहांवर आला. पाणवठा समूहाला बंद होता, शाळेचे दार समूहाला बंद होते. मग भरपाई करताना समूह मोजल्यावाचून गत्यंतर कोणते?

म्हणून मोजणे आणि तोलणे यांत भेद करावयास आपण शिकले पाहिजे. दोहोंतील फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत. समूहाचे नाव घेऊन माणसाच्या स्थितीविषयी बोलले जात आहे की त्याच्या शीलाविषयी? त्या नावाने बंद दार उघडले जात आहे की उघडे दार बंद केले जात आहे? आणि त्या माणसाला स्वतःच्या आचरणाने आपली योग्यता सिद्ध करण्याची वाट मोकळी आहे की नाही? गुन्हेगार जमातींचा कायदा तिन्ही प्रश्नांना वाईट उत्तर देतो. राखीव जागेची तरतूद स्थितीविषयी बोलते, दार उघडते, आणि आत गेल्यावर परीक्षा ज्याची त्यालाच द्यावी लागते.

भारतीय संविधानाची रचना हीच आहे. अनुच्छेद १५ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई करतो. आणि त्याच अनुच्छेदात १९५१ साली घातलेले चौथे कलम मागासलेल्या वर्गांच्या व अनुसूचित जातीजमातींच्या उन्नतीसाठी विशेष तरतुदीला वाव देते. काही लोकांना यात विसंगती दिसते. पण पहिले वाक्य तोलण्यास बंदी करते आणि दुसरे वाक्य मोजण्यास परवानगी देते. यात विसंगती कोठे आहे?

आपल्याच समाजाला या भेदाची किंमत मोजावी लागली आहे. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांना मात्र केंद्राच्या सवलतींसाठी १९९० सालच्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. धर्माचे नाव बदलले म्हणून गावाने वेशीच्या आत घर दिले नव्हते, सावकाराने व्याज सोडले नव्हते. माणसाची स्थिती न पाहता त्याच्या नावाची पाटी पाहिली, की काय होते, याचा ३४ वर्षांचा अनुभव आपल्या गाठी आहे. तेव्हा नवदीक्षित बंधूंनी दाखला मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही. दाखला हा आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाची नोंद आहे. तो आपल्या योग्यतेची नोंद नव्हे. कचेरीत तो अवश्य दाखवावा. मात्र घरात, विहारात आणि लग्नाच्या बोलण्यांत तो बाहेर काढू नये.

महाडचा धडा

आता दुसरी शंका. आम्हांला जन्मावरून तोलणाऱ्यांना आम्ही तसेच का तोलू नये?

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी १९२७ सालीच देऊन ठेवले आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी ब्राह्मणेतर पक्षाचे पुढारी जेधे आणि जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला. पण अट अशी घातली की, त्यात ब्राह्मणांना घेऊ नये. चळवळ लहान होती, साधने तुटपुंजी होती, विरोधक बलाढ्य होते. अशा वेळी मिळणारा पाठिंबा कोणाला नकोसा होईल? बाबासाहेबांनी ती अट नाकारली. आपला लढा ब्राह्मण्याशी आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या व्यक्तींशी नाही, आणि उच्चनीचतेची भावना जो बाळगतो तो कोणत्याही जातीचा असला तरी आपल्यापासून दूरच आहे, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ठरावाची सूचना मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण होते आणि तिला अनुमोदन देणारे राजभोज हे चर्मकार समाजातील होते. जन्माचा निवाडा करणारा ग्रंथ जाळताना तेथे जन्माचा निवाडा झाला नाही. त्या अग्नीचा अर्थ यातच आहे.

कोणी असे समजू नये की, मी अन्याय विसरावयास सांगतो. ज्याने अन्याय केला त्याला कायद्याने शिक्षा झालीच पाहिजे. ज्या रूढीने अन्याय झाला ती रूढी मोडलीच पाहिजे. वंशपरंपरेने ज्यांना विशेष लाभ मिळाले, त्यांनी ते लाभ मान्य केलेच पाहिजेत. हे सर्व मागण्याचा आपला अधिकार आहे. फक्त प्रत्येक ठिकाणी आपले बोट कृत्याकडे असावे. बोट आडनावाकडे वळले, की आपण मनूच्याच पाठशाळेत बसलो म्हणून समजावे. मग भिंतीवर प्रतिमा कोणाची आहे, याला अर्थ उरत नाही.

आपले घर

शेवटी मी आपल्या घराकडे येतो, कारण खरी परीक्षा तेथेच आहे.

२७ मे २००७ रोजी मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर भटक्या व विमुक्त जमातींतील हजारो स्त्रीपुरुषांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ज्यांच्या आजोबांनी हजेरी दिली, त्यांच्या नातवंडांनी बुद्धाला शरण जाण्याचा मार्ग धरला. आज आपल्या विहारात पूर्वाश्रमीचे महार येतात, तसे मांग, चांभार, कैकाडी, पारधीही येतात. वंदनेला सर्वजण एका सुरात त्रिशरण म्हणतात. पण वंदना संपल्यावर काय होते? पूर्वाश्रमीच्या पारधी कुटुंबाच्या घरी आपण पाणी पितो काय? विहाराच्या कार्यकारिणीत त्याला जागा देतो काय? मुलीसाठी स्थळ पाहताना "बौद्ध आहेत, पण मूळचे कोण?" हा प्रश्न हळूच विचारतो की नाही? तो प्रश्न ज्या तोंडातून निघतो, त्याच तोंडाने काल आपण समतेची प्रतिज्ञा उच्चारली होती. बावीस प्रतिज्ञांत सर्व मनुष्यमात्र समान मानण्याची प्रतिज्ञा आहे आणि समता स्थापन करण्यासाठी झटण्याचीही आहे. नुसते मानणे पुरेसे नाही, म्हणून बाबासाहेबांनी झटण्याची प्रतिज्ञा तिला जोडून दिली.

माता-भगिनींना माझी एक विनंती आहे. मूल आपली पहिली भाषा आईच्या तोंडून शिकते. हट्टी मुलाला, अस्वच्छ मुलाला, रडणाऱ्या मुलाला रागावताना आपल्या बोलीत कित्येक जमातींची नावे शिवीसारखी येतात. बोलणारीच्या मनात काही नसते; परंतु ऐकणाऱ्या मुलाच्या मनात एक सबंध समाज कायमचा गुन्हेगार ठरतो. गॅझेटात नाव छापून जे झाले, तेच चुलीपाशी पुन्हा होते. ही नावे शिवी म्हणून आपल्या घरातून आजच काढून टाका. आपले स्वतःचे नावही कोणाच्या तरी घरात असेच वापरले जात होते, याचे स्मरण ठेवा.

वस्तीत चोरी झाली आणि चार माणसे पालाकडे बोट दाखवू लागली, तर बौद्ध माणसाने पुढे होऊन एकच विचारावे: कोणी पाहिले? काय सापडले? पुरावा असेल तर ज्याने केले त्याच्यावर कायद्याप्रमाणे इलाज व्हावा, मग तो पालातला असो की माडीवरचा. पुरावा नसेल तर जमावाला तेथेच थांबवावे. हे करावयास धैर्य लागते. परंतु चवदार तळ्यावर गेलेल्या लोकांचे आपण वारस आहोत, असे म्हणवून घ्यावयाचे तर एवढे धैर्य आपल्या अंगी असलेच पाहिजे.

आणि एक गोष्ट सांगून मी आपली रजा घेतो. जन्माने कोणी पतित होत नाही, हे वचन ऐकताना आपल्याला बरे वाटते, कारण त्याने आपल्यावरचा कलंक धुतला जातो. परंतु त्या वचनाची दुसरी धारही आहे. जन्माने कोणी पतित होत नसेल, तर जन्माने कोणी बौद्धही होत नाही. आज दीक्षा घेतलेल्यांची मुले बौद्ध घरात जन्मतील. त्यांच्या नावापुढे बौद्ध असे लिहिले जाईल. तेवढ्याने ती बौद्ध झाली असे आपण मानले, तर आपण धम्माचीच एक जात करून ठेवू आणि जात सोडण्यासाठी केलेला सारा खटाटोप नव्या नावाची जात मिळविण्यापुरता ठरेल. आपल्या मुलांनी प्रत्येकाने स्वतःच्या शीलाने बौद्ध व्हावे आणि समोर येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्याच्या शीलावरून ओळखावे. जगाकडे आपण हाच न्याय मागत आलो आहोत. तो आधी आपल्या उंबरठ्याच्या आत सुरू करावा, एवढेच माझे आपणांस सांगणे आहे.

नमो बुद्धाय. जय भीम.